‘कर नाही त्याला डर कशाला?’ म्हणणाऱ्या वर्गाला खासगीपणाचा हक्क कसा शिकवायचा?

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही तालुक्याच्या गावी नववी-दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवता. संविधान दिनाच्या आठवड्यात खासगीपणाचा हक्क आणि नागरी स्वातंत्र्य यांवर तुम्हाला दोन तास घ्यायचे आहेत. विषय काढताच एक मुलगा म्हणाला, ‘सर, कर नाही त्याला डर कशाला?’ आणि सगळा वर्ग त्याच्या बाजूने गेला. वर मुख्याध्यापकांनी बजावलंय की राजकारण नको. आता सुरुवात कुठून करायची?

मी सत्तावीस वर्षं हाच विषय शिकवतेय, बहुतेक काळ सातारा जिल्ह्यात. तुमची अडचण साहित्याची नाही. कलम १९, कलम २१ आणि निकालांची नावं तुमच्याकडे आहेतच. अडचण अशी आहे की ज्या हक्काबद्दल तुम्ही बोलणार, तो मुलांना शाळेत कधी भेटलेलाच नाही. दप्तर कधीही तपासलं जातं, वहीची मागची पानं उलटली जातात, घटक चाचणीचे गुण पालकांच्या ग्रुपवर नावानिशी पडतात. अशा वर्गापुढे उभं राहून ‘खासगीपणा हा तुमचा मूलभूत हक्क आहे’ म्हटलं की मुलं मान डोलावतात आणि मनात हसतात. नववीच्या मुलांना ढोंग लगेच कळतं.

म्हणून पहिलं काम वर्गाबाहेरचं आहे. माझंच सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीच्या वहीत मला एक चिठ्ठी सापडली. मैत्रिणीला लिहिलेली होती, घरातल्या भांडणाबद्दल. तास चालू असताना लिहीत होती म्हणून मी ती चिठ्ठी वर्गात मोठ्याने वाचली. शिस्त लागावी, एवढाच हेतू. ती मुलगी रडली नाही, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकावर बसू लागली आणि वर्षभरात तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. त्याआधी सगळ्यात जास्त प्रश्न तीच विचारायची. आता हा विषय घेताना मी हा किस्सा नाव-गाव वगळून वर्गाला सांगते. शिक्षकाने स्वतःची चूक कबूल केली की मुलं निम्मी मोकळी होतात.

दुसरा अनुभव भेळेचा. बसस्टँडवर भेळ घेतली, तर कागद निघाला एका शाळेच्या जुन्या प्रवेश अर्जाचा. मुलाचं नाव, जात, आईचं नाव, पत्ता, आधार क्रमांक, सगळं चिंचेच्या पाण्यात भिजलेलं. मी तो कागद वाळवला, नाव-नंबर शाईने पूर्ण खोडले आणि वर्गात नेला. पंधरा रुपयांत इतकं चांगलं शैक्षणिक साहित्य मला पुन्हा मिळालेलं नाही. एकाने लगेच विचारलं, ‘बाई, आमचे फॉर्म कुठं जातात?’ मला माहीत नव्हतं. क्लार्कला विचारलं, तर त्यांनी जिन्याखालचं पोतं दाखवलं. तेव्हापासून आमच्याकडे जुने अर्ज फाडूनच रद्दीत जातात. तुम्हीही तास घेण्याआधी एकदा तुमच्या शाळेचं पोतं शोधून ठेवा. मुलं विचारणारच.

आता त्या म्हणीकडे येऊ. ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण खोडून काढायच्या भानगडीत पडू नका. तिच्याशेजारी फळ्यावर दुसरी लिहा: ‘झाकली मूठ सव्वा लाखाची.’ दोन्ही म्हणी आपल्याच आज्यांच्या. मग मुलांना विचारा, झाकलेल्या मुठीत चोरीचाच माल असतो का? दहा मिनिटांत मुलं स्वतःच यादी करतात: वडिलांचं कर्ज, बहिणीला बघायला येऊन गेलेलं स्थळ, आजीचा आजार, स्वतःला पडलेले गुण. यात गुन्हा कुठलाच नाही, पण चव्हाट्यावर आणायची गोष्टही नाही.

इथेच शब्दाचा घोळ मिटवावा लागतो. आपण बरेचदा या हक्काला ‘गोपनीयतेचा हक्क’ म्हणतो. पण मुलांनी ‘गोपनीयता’ ऐकलेली असते ती मंत्र्यांच्या शपथविधीत, ‘पद आणि गोपनीयतेची शपथ’. त्या शब्दात गुपित आहे, लपवणं आहे. मी ‘खासगीपणा’ म्हणते आणि साधं सांगते: माझ्याबद्दलची कुठली गोष्ट कुणापर्यंत जावी हे मी ठरवणं. डॉक्टरला सांगितलेलं डॉक्टरपाशी राहावं, बँकेला दिलेलं बँकेत. म्हणजे लपवण्यापेक्षा ठरवण्याला इथे जास्त महत्त्व आहे. शाळेत फोन नसतो, त्यामुळे फोनऐवजी दप्तरावर एक छोटा प्रयोग चालतो. सांगायचं, ‘आपापलं दप्तर डावीकडच्याला द्या.’ वर्ग एकदम गप्प होतो. दप्तर कुणी उघडायच्या आधीच ‘परत घ्या’ म्हणायचं. खरोखर उघडू द्यायचं नाही, त्यात एखादं पोर जन्मभराचं चिडवणं ओढवून घेतं. नुसत्या त्या पाच सेकंदांवर बोला.

मग गोष्ट सांगा, ती खडक सिंगची. उत्तर प्रदेशातल्या या माणसावर दरोड्याचा संशय होता. पुरावा मिळाला नाही म्हणून सोडून दिलं, पण पोलिसांनी त्याच्या नावाचा पाळतीचा कागद उघडला. मग शिपाई रात्री-अपरात्री त्याचं दार ठोठावायचे, घरात आहे का बघायचे, उठवायचे. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ साली न्यायालयाने रात्री घरात येणं घटनाबाह्य ठरवलं, पण त्याच निकालात बहुमताने असंही म्हटलं की खासगीपणा हा आपल्या संविधानाने हमी दिलेला हक्क नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत मांडलं: खासगीपणा हा वैयक्तिक स्वातंत्र्याचाच भाग आहे. मुलांना हे कोडं आवडतं. रात्रीचं दार बंद केलं, पण ज्या कारणासाठी बंद करायचं त्या कारणाला नाव दिलं नाही.

मी मुद्दाम अशा माणसाची गोष्ट निवडते जो आधीच संशयाखाली आहे. हक्क सज्जनांच्या गोष्टीतून शिकवले तर मुलं त्यांना चांगल्या वागणुकीचं बक्षीस समजतात. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाच प्रकरणात आरोपी असलेल्या एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ती संभाषणं नष्ट करायला सांगितली. ‘बाई, पण तो लाचखोर असेल तर?’ हा प्रश्न येतोच. यायलाच हवा. तिथे उत्तर देऊ नका, वर्गाला भांडू द्या.

खडक सिंगची गोष्ट सांगताना एक काळजी घ्या. तुमच्या वर्गात पारधी किंवा दुसऱ्या भटक्या-विमुक्त समाजातलं मूल असेल, तर रात्री वाजणारं दार त्याला पुस्तकातून कळायची गरज नसते. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्यांना पोलिसांकडे हजेरी लावली. सोलापूरची सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवलेली वसाहत, लोकांना अजून आठवते. हा कायदा १९५२ मध्ये गेला, पण नजर गेली का, हे त्यांनाच ठाऊक. हा इतिहास जरूर शिकवा, पण त्या मुलाला ‘तू सांग तुझ्याकडचं’ असं कधीही म्हणू नका. खासगीपणाच्या तासाला त्याचा खासगीपणा मोडू नका. तो आपणहून बोलला तर वेगळं. माझ्याकडे एकदा एक मुलगा तास संपल्यावर, मधल्या सुट्टीत येऊन बोलला होता. तेवढं पुरे झालं.

यानंतर २०१७ चा निकाल. तो मी लांबवत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधारला आव्हान दिलं. सरकारने १९५४ आणि १९६२ च्या जुन्या निकालांवर बोट ठेवलं: मोठ्या खंडपीठांनी आधीच सांगितलंय, असा मूलभूत हक्कच नाही. म्हणून नऊ न्यायमूर्ती बसले आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊच्या नऊ जणांनी सांगितलं की आहे, तो कलम २१ मधल्या जीविताच्या आणि वैयक्तिक स्वातंत्र्याच्या हक्कात आहे. आधारचा पहिला क्रमांक २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, हे सांगितलं की नकाशा जवळ येतो. पण गोष्ट विजयावर संपवू नका. पुढच्याच वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक मतांनी आधार बऱ्याच अंशी वैध ठरवलं. खासगी कंपन्यांना ते मागायची मुभा देणारा भाग काढला आणि शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं करता येणार नाही असं सांगितलं. हक्क आहे, आणि तरी त्याला मर्यादा घालता येतात. मुलांना हे दोन्ही एकदम समजलं पाहिजे.

त्या मर्यादेचं मोजमापच तुमच्या दोन तासांचा कणा होऊ शकतं. २०१७ च्या निकालातली कसोटी मी तीन प्रश्नांत करून फळ्यावर लिहिते. कुठल्या कायद्याने? कशासाठी? आणि एवढं कशाला, कमीत भागणार नाही का? कलमांचे आकडे मुलं विसरतात, हे तीन प्रश्न विसरत नाहीत. दहावी होऊन गेलेली पोरं रस्त्यात भेटली की अजून म्हणून दाखवतात.

हे प्रश्न आधी शाळेवरच चालवा. आमच्याकडे सीसीटीव्ही बसले तेव्हा मी तो विषय वर्गात दिला. फाटकावर हवा, यावर सगळे एकमत. व्हरांड्यात चालेल. वर्गात? इथे वर्ग फुटला. मुलगे म्हणाले कॉपी थांबेल, मुली म्हणाल्या आम्ही डबा खातो, वेणी घालतो, ते कोण बघत बसणार? मग एकीने विचारलं, ‘बघतं कोण, आणि किती दिवस ठेवतात?’ हा प्रश्न समितीच्या बैठकीत कुणी विचारला नव्हता. आणि मला अजिबात अपेक्षित नसलेली गोष्ट म्हणजे त्याच मुलींनी आणखी एक कॅमेरा मागितला, फाटकाबाहेर रस्त्याकडे तोंड असलेला, कारण तिथे पोरं मोटारसायकली लावून उभी राहतात. खासगीपणा म्हणजे कॅमेऱ्याला विरोध, असं सोपं समीकरण मी मनात धरून गेले होते. ते मुलींनी मोडलं. त्या दिवशी मी निष्कर्ष फळ्यावर लिहिला नाही.

नागरी स्वातंत्र्याचा भाग वेळ उरला तर घ्या, पण घेतला तर आणीबाणीतून घ्या. २५ जून १९७५ ही तारीख मुलांना पाठ असते, अर्थ माहीत नसतो. अर्थ एका खटल्यात आहे. कोठडीत टाकलेल्या माणसाला ‘मला कशासाठी धरलंय’ असं न्यायालयात विचारता येईल का? नऊ उच्च न्यायालयं म्हणाली, येईल. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की आणीबाणीत नाही येणार. एकटे विरोधात होते न्यायमूर्ती ह. रा. खन्ना. पुढे सरन्यायाधीशपदाची पाळी आली तेव्हा त्यांना डावललं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतातले एक न्यायमूर्ती होते पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड. एकेचाळीस वर्षांनी, २०१७ च्या त्याच खासगीपणाच्या निकालात, तो जुना निकाल चुकीचा होता असं लिहून तो मोडीत काढला त्यांच्या मुलाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. मुलाने बापाचा निकाल खोडला, हे ऐकताना मागच्या बाकावरचाही जागा होतो. वर्गात मी विचारते, ‘घरी बाबांचं चुकलं तर असं लिहून द्याल का?’ हशा होतो, पण मुद्दा पोचतो.

आमच्या भागात आणखी एक सोय आहे. कराडचं साहित्य संमेलन डिसेंबर १९७५ चं, म्हणजे ऐन आणीबाणीतलं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि त्याच व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला. पुढे त्यांना अटक झाली. कराडच्या मुलांना हे आपल्या गावात घडलं यावर विश्वास बसत नाही. तुमच्या गावातही त्या एकवीस महिन्यांत तुरुंगात गेलेलं कुणीतरी असेल, किंवा त्याची मुलं-नातवंडं असतील. त्यांना वर्गात बोलवा. भाषण नको, मुलांना प्रश्न विचारू द्या.

मुख्याध्यापकांची भीती मी थट्टेवारी नेणार नाही. त्यांना पालकांचे फोन येतात, तुम्हाला येत नाहीत. माझा उपाय साधा आहे. उदाहरणं एकाच पक्षाच्या काळातली ठेवायची नाहीत. आणीबाणी काँग्रेसची. आधार एका सरकारने सुरू केलं, दुसऱ्याने वाढवलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ एका सरकारने आणलं आणि नंतरच्या सरकारनेही न्यायालयात ते टिकवायचा प्रयत्न केला. हे ६६अ मुलांसाठी महत्त्वाचं आहे, कारण ते फोनवर लिहिण्याबद्दल होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका मोठ्या नेत्याच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी हे कलम रद्द झालं. वर्गात मी नेत्याचं नाव घेत नाही. गरज नसते, आणि घेतलं की चर्चा कलमावरून नेत्यावर जाते. पालघरच्या त्या मुलींची नावंही घेत नाही. त्यांच्या आयुष्यात तेवढाच एक दिवस नव्हता.

टाचणात ‘मूलभूत हक्क’ आणि ‘संविधान दिन’ लिहा. खोटं नाही ते, अभ्यासक्रमात आहेच. मुख्याध्यापकांना आधी टाचण दाखवा आणि जमलं तर एका तासाला बसायला बोलवा. आमचे एक मुख्याध्यापक सीसीटीव्हीच्या तासाला मागे बसले होते. बाहेर पडताना फक्त एवढंच म्हणाले, ‘स्वच्छतागृहाजवळचा तो कॅमेरा जरा फिरवून घेऊ.’

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. वय फार महत्त्वाचं. सहावी-सातवीला खटले नकोत, चिठ्ठी आणि दप्तर पुरतं. अकरावी-बारावीला फोनचे पासवर्ड, प्रेमप्रकरणं, मोर्फ केलेले फोटो येतात, तिथे समुपदेशकाची सोबत असलेली बरी. ज्या घरात एकाच खोलीत सहा जण झोपतात तिथल्या मुलाला ‘स्वतःची खोली’ हे उदाहरण देऊ नका, त्याला खासगीपणा श्रीमंतांचा वाटेल. त्याला विचारा, घरातलं भांडण शेजारी ऐकतात तेव्हा आई आवाज का उतरवते? पालकांनी मुलांचा फोन तपासावा का, यावर माझं मत ठाम नाही. तेरा वर्षांच्या आणि सतरा वर्षांच्या मुलाचं उत्तर एक नसतं, आणि मी तो निवाडा वर्गात करत नाही. पालक सभेत मात्र सांगते की तपासायचा असेल तर सांगून तपासा, चोरून नको.

‘लहान मुलांना कसला आलाय खासगीपणा’ असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणेलच. त्यांना सांगा, संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात त्यासाठी स्वतंत्र कलम आहे, सोळावं, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारलाय. आपल्या बालन्याय कायद्यात मुलाचा खासगीपणा तत्त्व म्हणून लिहिलेला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या सगळ्यांना मूल धरलंय आणि त्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती मागितली आहे. मुलाची तरी विचारा, असं मला वाटतं, पण ते राहू दे. अपारचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक ओळख क्रमांकाचं, संमतीपत्र तुम्ही भरून घेतलंच असेल. त्याची एक कोरी प्रत वर्गात वाचा. संमतीपत्र म्हणजे ‘नाही’ म्हणायचीही जागा, हे किती पालकांना सांगितलं गेलं, ते मुलंच तुम्हाला सांगतील.

एका ठिकाणी मात्र काहीही अवलंबून नाही. या तासांनंतर एखादं मूल तुमच्याकडे येईल आणि म्हणेल, ‘सर, एक सांगायचंय, पण कुणाला सांगणार नाही म्हणा.’ तसं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पोक्सो कायद्याने ती पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. त्याऐवजी म्हणा, ‘ज्यांना सांगावंच लागेल त्यांनाच सांगेन, आणि कुणाला सांगतोय ते तुला आधी सांगेन.’ मग ते पाळा. स्टाफरूममध्ये चहाबरोबर ती गोष्ट निघाली, तर तुमचे दोन्ही तास वाया गेले असं समजा.

तर दोनच तास असतील तेव्हा माझी वाटणी अशी असते. पहिल्यात दोन म्हणी, दप्तर, भेळेचा कागद (तुमचा नसेल तर पोतं आहेच) आणि खडक सिंग. दुसऱ्यात २०१७ चा निकाल दहा मिनिटांत, तीन प्रश्न, आणि उरलेला सगळा वेळ शाळेतलाच एखादा खरा वाद. आणीबाणी आणि पालघर पुढच्या आठवड्यातल्या ऑफ तासाला.

परीक्षेत ‘खासगीपणाच्या हक्काची व्याख्या लिहा’ विचारू नका. मी गृहपाठ देते: गेल्या महिन्यात घरात कुणीही भरलेला एक फॉर्म घ्या आणि त्यातल्या प्रत्येक रकान्याला ते तीन प्रश्न विचारा, भरलेली माहिती मात्र वर्गात आणायची नाही. मागच्या वर्षी एका मुलाने जत्रेतल्या लकी ड्रॉचं कुपन निवडलं होतं. नाव, वय, जन्मतारीख, मोबाईल नंबर, उत्पन्न. त्याने लिहिलं, ‘कायदा – नाही. कारण – मिक्सर. एवढं कशाला – माहीत नाही.’ खाली कंसात होतं की मिक्सर लागला नाही आणि नंबर वडिलांचा दिला होता, त्यामुळे प्लॉटवाल्यांचे फोन आता त्यांना येतात.